नोटीस घ्या, तारीख टाका, उत्तर द्या



खान्देशातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एक सल्ला फुकट मिळतो आणि तोच सर्वात महाग पडतो. पोस्टमन पाकीट घेऊन आला की शेजारचा कोणी जाणता सांगतो, "घेऊ नको. सही केली की अडकलास." पाकीट परत जाते, घरातल्यांना हायसे वाटते आणि काही महिन्यांनी थेट कोर्टाचे समन्स येते, नाहीतर जेसीबी दारात उभा राहतो. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत आम्ही चारपाच कार्यकर्ते रविवारी विहारात बसून लोकांचे कागद वाचतो. न घेतलेल्या पाकिटाची गोष्ट आमच्यापुढे इतक्यांदा आली आहे की यावर एकदा सविस्तर लिहायचे ठरवले.

आधी कायदा. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट रीतसर रजिस्टर पोस्टाने पाठवले असेल तर ते पोचले असे १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट धरून चालतो. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत गेले, तर कोर्टाच्या लेखी ते तुमच्या हातात दिल्यासारखेच. २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न वटलेल्या चेकच्या नोटिशीबाबत हेच धरले. म्हणजे नकार देऊन तुम्ही नोटीस टाळत नाही. नोटीस लागू होतेच, फक्त आत काय लिहिले आहे ते तुम्हाला कळत नाही. समोरच्याला याहून चांगले काय हवे? (२०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. 'स्पीड पोस्ट आहे, रजिस्टर नाही, मग चालतंय' असे सांगणारेही आता भेटू लागलेत. त्यांचे ऐकू नका.)

कागदाची ही भीती आपल्या लोकांत उगाच आलेली नाही. वतनाच्या काळात गावाचा सारा आणि सांगावा तालुक्याला पोचवणे हे महार वतनदाराच्या कामांपैकी एक काम होते. कागद वाहून नेणारे आपण आणि वाचणारे दुसरे, असा तो व्यवहार. ज्या कागदावर आजोबांनी अंगठा दिला त्यानंतर जमीन गेली, घर गेले, नाहीतर कर्ज वाढले. नातवाने पदवी घेतली तरी ती धास्ती घरात राहते. आम्हाला याची चेष्टा करायची नाही. पण धास्ती समजून घेणे वेगळे आणि तिच्यावर चळवळ चालवणे वेगळे.

बाबासाहेबांनी कागदाला कसे उत्तर दिले ते महाडला पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, पण त्यातला कोर्टाचा भाग भाषणांत फार येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो लोक महाडला जमले होते. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही, आणि तो आपल्याला मिळालाच नाही असेही सोंग केले नाही. कोर्टात हजर राहून उत्तर दिले आणि दावा लढवला. तळे फक्त सवर्णांनी वापरायचे ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हा वादींचा दावा. ती सिद्ध करा, असे प्रतिवादींनी म्हटले. ती सिद्ध झाली नाही. महाडचे कोर्ट, ठाण्याचे अपील आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय. दहा वर्षे लागली. त्या निकालाने तळे कायद्याने खुले राहिले, आणि 'रूढी आहे' एवढे म्हणून चालत नाही, हे वादींच्याच दाव्यात ठरले.

आता आपल्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या जनहित याचिकेत राज्यातली गायरानावरची अतिक्रमणे वर्षअखेरीपर्यंत काढण्याचे आदेश दिले. आकडा दोन लाखांच्या वर होता. नोव्हेंबरपासून गावोगाव नोटिसा निघाल्या. आमच्याकडे त्या रविवारी विहारात बसायला जागा नव्हती. एक मावशी दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, नोटीस उनी. आते काय करानं?" त्यांनी नोटीस घेतली होती म्हणून आम्हाला ती वाचता तरी आली. त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी ती परत पाठवली होती.

नोटिशीत काय होते? तुम्ही अमुक गटावर अतिक्रमण केले आहे, ते अमुक दिवसांत काढा, नाहीतर खर्चासह काढले जाईल. आणि आधाराला सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा हवाला. हा निकाल सरकारी कागदांत नेहमी अर्धाच येतो. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे तो सांगतो, हे खरे. पण अपवादात्मक बाबींत अतिक्रमण नियमित करता येईल, असेही तोच निकाल सांगतो. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना, सार्वजनिक सोय असेल, ही उदाहरणे त्यातच आहेत. या अपवादाच्या बाजूने बोलणारा महाराष्ट्राचा स्वतःचा निर्णयही आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने शेतीसाठी केलेली, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले होते. १४ एप्रिल ही तारीख तिथे योगायोगाने आलेली नाही. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस.

म्हणजे उत्तर द्यायला जागा होती, आणि ते नोटिशीच्याच आधारावर देता येत होते. प्रश्न पुराव्याचा होता. १९९० च्या आधी तुम्ही ती जमीन कसत होता हे दाखवणार कशाने? इथे मावशींनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले दंडाच्या पावत्यांचे पुडके काढले. दरवर्षी अतिक्रमणाबद्दल तलाठ्याने घेतलेला दंड. घरात त्या पावत्यांकडे नामुष्की म्हणूनच पाहत आले होते. पण दंडाची पावती म्हणजे अमुक साली अमुक माणूस अमुक गटावर होता, याचा सरकारनेच दिलेला दाखला. त्याच्या जोडीला तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. त्याचा उतारा माहितीच्या अधिकारात मागता येतो. नोटिशीच्या उत्तराला आम्ही पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, १-ई चा उतारा मागितल्याच्या अर्जाची प्रत जोडली, जगपाल सिंगमधला अपवाद आणि १९९१ चा निर्णय लिहिला, वैयक्तिक सुनावणी मागितली, आणि तहसीलच्या आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला.

त्या शिक्क्यापाशी थोडे थांबू. बारनिशीत आवक क्रमांक पडला की तुमचे म्हणणे 'होते' असे होते. नंतर कोणी म्हणू शकत नाही की संबंधितांनी काही म्हटलेच नाही. तहसीलदाराने विरुद्ध आदेश दिला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली साठ दिवसांत प्रांताकडे अपील आहे आणि पुढे औरंगाबाद खंडपीठ आहे. पण या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न हाच विचारतात: नोटिशीला तुम्ही काय उत्तर दिले होते? ज्यांनी पाकीट परत पाठवले त्यांच्याकडे याचे उत्तर नसते. दोघांची जमीन एकाच गटात, दोघांचा हक्क सारखाच, पण एकाच्या फाइलमध्ये चार पाने आहेत आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये फक्त सरकारचे पान आहे.

घरांच्या बाबतीत आता १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा बुलडोझरवरचा निकालही आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने आणि घरावर चिकटवून, उत्तराला १५ दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतरही १५ दिवस हातोडा नाही. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदीपात्र आणि कोर्टाच्या आदेशाने होणारी तोडफोड यातून वगळली आहे. गायरानावरच्या घरांना हा निकाल किती लागू होतो यावर समोरचा वकील वाद घालील. घालू द्या. तुमच्या उत्तरात तो लिहिलेला असला तरच वाद होईल.

खाजगी नोटिसांची जात वेगळी. वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, हे आम्हाला दर रविवारी नव्याने सांगावे लागते. ते एका पक्षाचे म्हणणे असते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातला एक सालदार अशीच नोटीस घेऊन आला होता. आखाजीला साल ठरले तेव्हा उचल घेतली, मध्येच काम सोडले, म्हणून मालकाने व्याजासह रक्कम मागितली आणि फौजदारीची धमकी दिली. नोटीस इंग्रजीत. सालदाराचे शिक्षण चौथी. त्याच्या गावात सगळ्यांनी एकच सांगितले की पाया पड आणि पुन्हा कामाला लाग. आम्ही त्याच्याशी दोन तास बोललो. रोज किती तास काम, सालाचे किती ठरले, भागिले दिवस किती. हिशेब किमान वेतनाच्या खूप खाली आला. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणे ही वेठबिगारीच. आणि उचलीपोटी अशी वेठ लावली असेल तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ते कर्जच संपते. उत्तरात आम्ही रागाचा एक शब्द लिहिला नाही. कामाचे दिवस, तास, मिळालेले पैसे आणि उलट निघणारी मजुरीची बाकी लिहिली. मालकाकडून परत काही आले नाही. बाकी मजुरीही अजून आलेली नाही, ते वेगळे प्रकरण चालू आहे.

अशा वेळी कार्यकर्त्यांची जीभ सुटते आणि उत्तर बिघडते. आम्ही पाहिलेली निम्मी उत्तरे भाषणासारखी असतात. मनुवाद, पेशवाई, हजारो वर्षांचा अन्याय, सगळे त्यात असते. फक्त नोटिशीतल्या तिसऱ्या परिच्छेदात सांगितलेली तारीख खरी की खोटी, हे नसते. नोटिशीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर द्यावे: हे मान्य, हे अमान्य, याची आम्हाला माहिती नाही, सिद्ध करावे. जे नाकारले नाही ते कबूल केले, असे समोरचा पुढे मांडणार आहे. आणि जे खरे आहे ते नाकारू नका. चेक तुमचाच असेल तर तो तुमचाच आहे. चेकच्या नोटिशीत तर पाकीट मिळाल्यापासून पंधराच दिवस असतात. ते दिवस निवेदने देण्यात घालवू नका. पैसे भरायचे की चेक तारण म्हणून कोरा घेतला होता असे लेखी सांगायचे, हे ठरवा.

आता आपण पाठवायच्या नोटिशीबद्दल. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिने आधी नोटीस लागते. राज्य सरकारविरुद्ध ती सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला देता येते. त्यात तुमचे नाव, ओळख, राहण्याचे ठिकाण, तक्रारीचे कारण आणि तुम्हाला नेमके काय हवे, एवढे असले की पुरे. तुमच्या स्वतःच्या सहीनेही ती चालते. पण दोन महिने म्हणजे दोन महिने. १९८४ च्या बिहारी चौधरी खटल्यात मुदत संपण्याआधी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही. तातडी असेल, उद्या घर पडणार असेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही जाता येते, हे त्याच कलमात आहे. महापालिकांचा नियम निराळा: एक महिन्याची नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महापालिका आहेत, पण सहा महिन्यांची ही अट माहीत नसल्याने बरेच दावे दारातच मरतात.

कलम ८० हे राजाच्या सोयीसाठी इंग्रजांनी ठेवलेले कलम आहे आणि स्वतंत्र भारतात विधी आयोगाने ते काढून टाकायची शिफारस केली होती, हा मुद्दा आमच्यातले एक वकील मित्र नेहमी मांडतात. मुद्दा बरोबर आहे. पण जोवर ते आहे तोवर आपण ते उलटे का वापरू नये? २००५ मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व सरकारांना सांगितले, की या नोटिसांना मुदतीत उत्तर देण्यासाठी जबाबदार अधिकारी नेमा. उत्तर नाही किंवा थातूरमातूर उत्तर आहे असे दिसले तर एरवी सरकारवर भारी खर्च बसवावा, असेही. धुळे जिल्ह्यातल्या एका गावात आपल्या स्मशानभूमीचा रस्ता शेजारच्या शेतकऱ्याने नांगरून टाकला होता. सात वर्षे निवेदने झाली. निवेदनावर फोटो निघतो, पेपरात छापून येतो, पुढे काही नाही. आम्ही नकाशाची प्रत जोडून कलम ८० ची नोटीस दिली, शेवटी एवढेच लिहिले की साठ दिवसांनंतर दावा लावू आणि त्याच्या खर्चाची मागणी करू. लेखी उत्तर आजतागायत नाही. पण एकेचाळिसाव्या दिवशी भूमी अभिलेखचा मोजणीदार साखळी घेऊन उभा होता.

फी नाही म्हणून थांबलेल्यांसाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे. तिथला वकील चांगला मिळेलच असे नाही. म्हणून घटनाक्रम स्वतः लिहून न्या, त्याच्यासमोर नुसते रडगाणे नको.

एक गोष्ट मात्र निक्षून. अत्याचार झाला असेल तर नोटीस पाठवू नका. जमिनीवरून हुसकावले, मारहाण केली, जातीवरून अपमान केला, तर तो गुन्हा आहे. जमीन बळकावणे आणि हुसकावणे हे अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. तिथे थेट फिर्याद. नोटीस दिली की समोरच्याला साक्षीदार फिरवायला महिना मिळतो. उलट, दिवाणी वादात प्रत्येक नोटिशीखाली 'अन्यथा अॅट्रॉसिटी दाखल करू' अशी ओळ टाकण्याची जी सवय लागली आहे ती कायद्याचा धाक घालवते. कायदा खोट्याने वापरतात असे ओरडणाऱ्यांना आपणच लेखी पुरावा का द्यायचा?

काही तरुण आम्हाला म्हणतात, हे सगळे पांढरपेशे काम आहे, रस्त्यावर उतरल्याशिवाय काही मिळत नाही. रस्त्याला आमचा विरोध नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा खान्देश त्यात होता, आणि गायरानावर आज जे कसतात त्यातल्या अनेकांच्या हक्काचे मूळ अशा लढ्यांत आहे. पण दादासाहेबांची पद्धत बघा. १९६४ मध्ये देशव्यापी सत्याग्रह ६ डिसेंबरला सुरू झाला. त्याआधी १ ऑक्टोबरला दिल्लीत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद देण्यात आली होती. मधले अंतर मोजा, दोन महिने आणि पाच दिवस. कलम ८० ची मुदतच जणू. लाखो लोक तुरुंगात गेले, पण सरकारला आम्हाला सांगितलेच नव्हते असे म्हणता आले नाही.

पोलिसांच्या नोटिसा हा वेगळ्या लेखाचा विषय. १४ एप्रिल किंवा मोर्चाच्या आधी येणारी पूर्वीची १४९ ची, आता नव्या संहितेत १६८ ची, ती आमच्यापैकी प्रत्येकाकडे गठ्ठ्याने आहे. तीही घ्या, तारीख-वेळ टाकून घ्या, आणि प्रत मागा. हद्दपारीची कारणे दाखवा नोटीस आली तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते बॅरिस्टर म्हणून, कोर्टाच्या कामासाठी, आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या दिवशी खान्देशातून लोक तिथे जमतात. यंदा आम्ही तिथे एक टेबल, एक चादर आणि दोन वकील घेऊन सकाळी नऊपासून बसणार आहोत. ज्यांच्या घरी गायरानाची, बँकेची किंवा मालकाची नोटीस पडून आहे त्यांनी ती घेऊन यावे. पाकीटही आणावे, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजता येते. दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ पावत्या घरीच ठेवा, गर्दीत हरवतात.